सोळाच्या पिनवर पाच केव्हीए नको

प्रश्न : आमचं सांगलीत गावभागात जुनं दुमजली घर आहे. सासूबाईंना रोज पंधरा-सोळा तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. वळवाच्या पावसात लाईट गेली की जुना इन्व्हर्टर तासाभरात माना टाकतो, म्हणून दिरांनी पुण्याहून पाच केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५.१२ युनिटची, ४८ व्होल्टवाली लिथियम बॅटरी पाठवली आहे. आमचा वायरमन म्हणतो, खालच्या बाथरूममधल्या गिझरच्या पॉइंटवरून सप्लाय घेऊ, जिन्याखाली मोकळी जागा आहे तिथे दोन्ही ठेवू आणि आउटपुट सरळ जुन्या वायरिंगला देऊ. अर्ध्या दिवसात काम होईल. ह्यांचं म्हणणं, एवढं महागाचं घेतलंय तर गिझर आणि पाण्याची मोटरही चालायला हवी. आम्ही नक्की काय करावं? आणि जुन्या इन्व्हर्टरचं काय? (नाव छापू नये.)

उत्तर :

ताई, वायरमनने सांगितलेल्या तिन्ही गोष्टींना माझी ना आहे. गिझरचा पॉइंट नको, जिन्याखालची जागा नको आणि जुन्या वायरिंगला सरळ जोडणी तर नकोच. काम अर्ध्या दिवसाचं नाही, दोन दिवसांचं आहे. इन्व्हर्टर खोक्यात आणखी आठवडाभर पडून राहिला तरी चालेल, पण घाई करू नका.

आधी गिझरच्या पॉइंटचं बघू. वायरमनचा हिशेब असा असणार : गिझर दोन किलोवॅटचा चालतो, तुमचा नेहमीचा लोड त्याहून कमी, मग अडचण काय? अडचण चार्जिंगची आहे. लाईट असते तेव्हा घराचा लोड इन्व्हर्टरच्या आतूनच पुढे जातो आणि त्याच वेळी बॅटरीही भरत असते. म्हणजे इन्व्हर्टरच्या इनपुटच्या वायरवर दोन्ही ओझी एकदम येतात. असे बरेच इन्व्हर्टर बॅटरीला ६० अँपिअरपर्यंत चार्ज करू शकतात. बॅटरीच्या बाजूला ५४ व्होल्ट धरले तर ते सव्वातीन हजार वॅट होतात, मधली गळती धरून मीटरकडून साडेतीन हजार, म्हणजे २३० व्होल्टला १५ अँपिअर. त्यात घराचा जेमतेम एक किलोवॅट मिळवला तरी वीसच्या घरात आकडा जातो. आणि कधी कोणी इन्व्हर्टरवर पूर्ण पाच केव्हीए लोड टाकला, तर त्याचे २२ अँपिअर अधिक चार्जिंगचे १५, मिळून ३७. गिझरच्या पॉइंटला बहुतेक अडीचची, फार तर चारची वायर असते (वायरीचे हे आकडे चौरस मिलिमीटरचे), मागे १६ नाहीतर २० चा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, आणि शेवटी सोळाची पिन.

गिझर वीस मिनिटांत बंद होतो. बॅटरी रात्रभर लाईट गेल्यानंतर सकाळी दोन-दोन तास सलग पूर्ण ताकदीने ओढत राहते. सोळा अँपिअरच्या पिनेतून सोळा-अठरा अँपिअर तासन्‌तास गेले की काय होतं ते मी बऱ्याच घरांत पाहिलंय : प्लगच्या जाड पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, आतली पितळी पट्टी ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. घरात जळका वास येतो, पण सगळे कचऱ्याकडे बोट दाखवतात.

यापुढची पायरी जास्त वाईट. एमसीबी सारखा पडायला लागतो. एमसीबी खराब आहे असं समजून कोणीतरी तो काढून ३२ चा बसवतो. आता एमसीबी पडत नाही, सगळे खूश, आणि भिंतीतली अडीचची वायर मात्र भाजत राहते. एमसीबी मशीनसाठी नसतो, त्याच्या पुढच्या वायरसाठी असतो. वायर बदलल्याशिवाय एमसीबीचा आकडा वाढवायचा नाही, हे तुमच्या वायरमनलाही ऐकवा. राग आला तरी चालेल.

तर तुमच्या घरात करायचं असं. मेन स्विचपासून इन्व्हर्टरपर्यंत एक स्वतंत्र लाईन ओढायची, जिच्यावर दुसरं काहीही नाही. तांब्याची दहाची वायर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही दहाची, सोबत हिरवी अर्थिंगची. मागे ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी. प्लग-सॉकेट मध्ये कुठेच नको, वायर थेट टर्मिनलमध्ये कसायची. सहाची वायर का नाही, असं वायरमन विचारेल. पाइपातून जाणाऱ्या सहाच्या वायरची क्षमता ३१ अँपिअरच्या आसपास धरतात, म्हणजे ३२ चा एमसीबी तिला पुरता सांभाळत नाही. शिवाय सांगलीचा एप्रिल-मे आहेच. वायरचा खर्च थोडा वाढेल, पण एकदाच. आणि ही वायर जुन्या पाइपात कोंबायची नाही. जुन्या घरांच्या पाइपात आधीच इतकी गर्दी असते की नवी ओढताना जुन्याचं इन्सुलेशन सोलून निघतं. दिसायला बरं नाही वाटलं तरी भिंतीवरून पट्टी मारून घ्या.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये चार्जिंगचा करंट कमी करता येतो. तो २० अँपिअरवर ठेवा. मग चार्जिंग मीटरकडून पाच-सव्वापाच अँपिअरच घेईल, बॅटरी रिकामी असली तर पाचेक तासांत भरेल, आणि पूर्ण लोड धरूनही एकूण २७ अँपिअरच्या पुढे जात नाही. बॅटरीलाही सावकाश भरणं मानवतं. बसवणारे पोरगे हे सेटिंग बघतच नाहीत, कंपनीतून जसं आलं तसं सोडून जातात. तुमच्या विजेच्या बिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिलाय तेही बघा. जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटच मंजूर असतो. तसं असेल तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज याच वेळी करून टाका. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतलंत तर त्याचा टेस्ट रिपोर्टही हाताशी राहील.

आता जिन्याखालची जागा. गावभागात राहून हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटलं, पण माणसं कोरड्या दिवसात पूर विसरतात हेही खरं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे सांगलीतल्या पोरासोरांना पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ च्या जुलैतही ५० च्या बरंच वर. तुमच्या भिंतीवर २०१९ ची रेघ अजून दिसत असेल. बॅटरी, इन्व्हर्टर आणि बॅकअपचा डीबी (एमसीबी बसवतात ती पेटी), तिन्ही त्या रेघेच्या वर हवेत. तुमच्याकडे वरचा मजला आहे, तर वरच ठेवा. मात्र गच्चीवर पत्र्याची खोली असेल तर तिथे नको. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखाली जी भट्टी पेटते ती लिथियम बॅटरीला सोसत नाही. ४५ अंशांच्या पुढे ती चार्ज करणं बऱ्याच कंपन्या वर्ज्य सांगतात. वरच्या मजल्यावरचा सावलीतला, वारा असलेला पॅसेज उत्तम. झोपायच्या खोलीत नको. बॅटरी पंचेचाळीस-पन्नास किलोची असते, तेव्हा भिंतीला टांगायची तर भिंत विटांची पक्की हवी. मातीची किंवा पोकळ वाजणारी असेल तर खाली चौथऱ्यावर.

पण पुराचा खरा मुद्दा मशीन भिजण्याचा नाही. पाणी चढायला लागलं की महावितरण त्या भागाची लाईट बंद करतं. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की आता घरात करंट नाही. मग गुडघाभर पाण्यातून खालचं सामान वर नेणं सुरू होतं. इन्व्हर्टर असलेल्या घरात हा समज जिवावर बेतू शकतो. लाईट बंद झाली त्याच क्षणी तुमच्या इन्व्हर्टरने सगळं वायरिंग स्वतःच्या ताब्यात घेतलेलं असतं. जमिनीपासून फूटभर उंचीवरचे खालच्या मजल्यावरचे सॉकेट पाण्यात, आणि त्यांत २३० व्होल्ट चालू. जुन्या बाराशे वॅटच्या इन्व्हर्टरवर खाली दोन ट्यूब आणि एक पंखा असायचा. पाच केव्हीए जुन्या वायरिंगला सरळ जोडला तर घरातला प्रत्येक सॉकेट जिवंत राहणार.

म्हणून तळमजल्याची बॅकअप लाईन वेगळी हवी, आणि ती बंद करायचा स्विच वरच्या मजल्यावर हवा. खाली न उतरता, हात न भिजवता, एक खटका पाडला की तळमजला पूर्ण मेला पाहिजे आणि वरच्या खोल्या, सासूबाईंचं मशीन, चालू राहिलं पाहिजे. खटका डबल पोल घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. त्यावर मोठ्या अक्षरात ‘तळमजला’ लिहून चिकटवा. आणि तो कुठे आहे हे घरातल्या लहानांनाही दाखवून ठेवा.

आता वरच्या बॅकअप डीबीत काय काय असावं ते. इन्व्हर्टरच्या आउटपुटला २५ अँपिअरचा डबल पोल एमसीबी, तिथून तीन वाटा. पहिली वाट फक्त कॉन्सन्ट्रेटरची. तिला १० अँपिअरचा स्वतःचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी (करंट कुठे गळला की पडणारा खटका) एकाच डबीत असतात तो, ३० मिलिअँपिअरचा. दुसरी वरच्या मजल्यावरचे दिवे, पंखे, वायफायची. तिसरी तळमजल्याची, त्यात दिवे आणि फ्रिज. दुसरीला आणि तिसरीला आपापला आरसीसीबी, आणि त्यापुढे दिव्यांना दीडच्या वायरवर ६ किंवा १० चे, फ्रिजला अडीचच्या वायरवर १६ चा एमसीबी.

कॉन्सन्ट्रेटर एवढा वेगळा कशाला, असं वाटेल. बहुतेक ठिकाणी सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी बसवतात. स्वयंपाकघरात ओल्या हाताने मिक्सर लावला, फ्रिजच्या कॉम्प्रेसरला जरा गळती लागली, की आरसीसीबी पडतो, आणि त्याच्याबरोबर आजीबाईंचं मशीनही बंद. तेही रात्री तीन वाजता, बॅटरी भरलेली असताना. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याची वाट दुसऱ्या कोणाच्या चुकीने बंद पडू नये, इतकंच त्यामागचं कारण.

न्यूट्रलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या घरांत घोळ इथेच होतो. पूर्वी इन्व्हर्टर बसवताना फेजची एक लाल वायर वेगळी फिरवायचे आणि न्यूट्रल घरात होता तोच वापरायचे. ट्यूब पेटते, पंखा फिरतो, कोणाची तक्रार नाही. नव्या हायब्रिडला हे चालत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट मोजून ताडून बघत असतो. बॅकअपच्या दिव्याचा न्यूट्रल दुसऱ्या डीबीच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की हिशेब जुळत नाही आणि तो पडतो. मग काय होतं? वायरमन दोन तास शोधतो, सापडत नाही, आणि शेवटी आरसीसीबीच काढून टाकतो. तुमच्याकडे तसं होऊ द्यायचं नाही. बॅकअपच्या प्रत्येक वाटेचा न्यूट्रल तिच्याच आरसीसीबीतून किंवा आरसीबीओतून गेला पाहिजे. दोन दिवसांतला एक दिवस यातच जाईल, बोर्ड उघडून एकेक काळी वायर हुडकण्यात. त्याचे पैसे द्या, घासाघीस करू नका.

आणखी एक बारकावा, जो अनुभवी वायरमनलाही माहीत नसतो. लाईट असते तेव्हा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. बॅटरीवर गेल्यावर इन्व्हर्टरने बाहेरचं नातं तोडलेलं असतं, मग त्याचा न्यूट्रल अधांतरी राहू शकतो. तसा राहिला तर अर्थला गळणाऱ्या करंटला परतीची वाट नसते आणि आरसीसीबी आंधळा होतो. काही इन्व्हर्टर बॅटरीवर जाताच आतल्या रिलेने न्यूट्रल-अर्थ जोडून घेतात, काहींना ते सेटिंगमधून सांगावं लागतं, काहींना बाहेरून जोडणी लागते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत ते असतं. अंदाजाने न्यूट्रल आणि अर्थ कायमचे एकत्र बांधायचे नाहीत, कारण लाईट आल्यावर तेच महागात पडतं. आरसीसीबीचा प्रकारही पुस्तिकेत बघा. साध्या ‘एसी’ प्रकाराऐवजी निदान ‘ए’ प्रकार घ्या. आणि बसवून झाल्यावर नुसतं टेस्टचं बटण दाबून समाधान मानू नका. ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आत करंट फिरवतं, अर्थिंग शाबूत आहे की नाही हे त्याला कळतच नाही. ठेकेदाराला आरसीसीबी टेस्टर आणायला सांगा, मेन बंद करून, घर बॅटरीवर असताना, प्रत्येक सॉकेटमध्ये फेज ते अर्थ तपासायला लावा. टेस्टर नाही म्हणाला तर दुसरा ठेकेदार बघा. अर्थिंगचा खड्डा जुना असेल तर तोही मोजून घ्या, तोसुद्धा उन्हाळ्यात. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते तेव्हा मापं पार बदलतात. पावसाळ्यात चांगला आलेला आकडा फसवा असतो.

बॅटरी ते इन्व्हर्टर या जाड वायरींचं फार बोलत नाही. कंपनीच्या सोबत आल्या असतील तर त्याच वापरा, लांबवू नका. ४८ व्होल्टला पूर्ण लोडवर शंभराच्या वर अँपिअर वाहतात, म्हणून निदान पस्तीसची केबल आणि मीटर-दीड मीटर अंतर. वायर लांबवायची वेळ आली तर एसीची लांबवा, बॅटरीची नाही. मधला फ्यूज किंवा ब्रेकर डीसीसाठी बनवलेलाच हवा. घरातला नेहमीचा एमसीबी तिथे लावून चालत नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका पडताना उठलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटती राहते.

इन्व्हर्टरच्या आधी-नंतर मिळून एक बायपास चेंजओव्हर बसवून घ्या, मध्ये ‘ऑफ’ असलेला. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तर घर सरळ लाईनवर घेता येतं. आणि कोणी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून आउटपुट एखाद्या सॉकेटमध्ये खुपसायची युक्ती सुचवली, तर त्याला घरात पाऊल टाकू देऊ नका. मेन बंद करायला विसरलं की तुमची वीज उलटी बाहेर जाते, आणि डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. २३० व्होल्ट आत गेले की दुसऱ्या बाजूला ११ हजार निघतात. तारेवर पडलेली फांदी काढणारा लाईनमन लाईन बंद आहे समजून तिला हात लावतो.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. त्यांना हा हिशेब दाखवा. ५.१२ युनिटची बॅटरी, थोडी राखून ठेवलेली आणि इन्व्हर्टरची गळती वजा केली, तर घराला चार युनिट मिळतात. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो, तीन पंखे सव्वादोनशे, दिवे-वायफाय पाऊणशे, फ्रिजची सरासरी ऐंशी. एकूण सातशे-साडेसातशे. म्हणजे साडेपाच तास. दोनच पंखे ठेवले आणि फ्रिज रात्री बंद केला तर सात तास निघतील. नुसता कॉन्सन्ट्रेटर ठेवला तर अकरा तासांपर्यंत. दोन किलोवॅटचा गिझर लावला तर सगळं दोन तासांत संपतं. एक एचपीची मोटर चालताना किलोवॅटभर घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढते. तो धक्का इन्व्हर्टरने कधी पेलला, कधी ओव्हरलोड दाखवून बंद पडला, आणि बंद पडला की कॉन्सन्ट्रेटरही बंद. गिझर, मोटर, इस्त्री, इंडक्शन या सगळ्यांना जुन्याच डीबीवर राहू द्या. गरम पाणी एक दिवस गॅसवर तापवता येतं.

पुढे गच्चीवर सोलर घ्यायचा विचार असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की नेट मीटरवालं साधं सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद पडतं, लाईनमनच्याच सुरक्षेसाठी. तुमचा इन्व्हर्टर हायब्रिड आहे, तेव्हा पॅनेल त्यालाच जोडायचा विचार करा. त्याचं वायरिंग हा वेगळा विषय आहे, तेव्हा पुन्हा लिहा.

जुना इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे मीटरकडून येते तशीच वीज देणारा, असेल तर विकू नका. स्क्वेअर वेव्हचा असेल तर दुकानदाराला बॅटरीसकट परत द्या, कॉन्सन्ट्रेटरच्या कॉम्प्रेसरला ती वीज मानवत नाही. साइन वेव्हचा असल्यास तोही वर न्या, हवा खेळती असेल अशा जागी, कारण ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. त्याचं आउटपुट घराच्या वायरिंगशी कुठेही जोडू नका आणि नव्या इन्व्हर्टरशी तर अजिबात नको. त्याच्या पाठीमागचा स्वतःचा सॉकेट सासूबाईंच्या खाटेजवळ येईल असं ठेवा. नवा बंद पडला तर कॉन्सन्ट्रेटरची पिन तिकडून काढून इकडे लावायची. बॅटरी धड असेल तर तीनेक तास निघतील. डिस्टिल्ड वॉटर मात्र वेळेवर घालत जा. आणि ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर भरलेला, रेग्युलेटर लावलेला, वरच्या मजल्यावर असू द्या. किती लिटरचा आणि किती प्रवाहावर लावायचा ते डॉक्टरांना विचारून त्यालाच चिठ्ठी बांधून ठेवा.